‘दोन वर्षांपासून’: सिन्स की फॉर?

उदगीरची आई:
लेकीच्या वहीत ‘आय ॲम लिव्हिंग इन लातूर सिन्स टू इयर्स’ या वाक्यावर क्लासच्या सरांनी लाल फुली मारली. काय चुकलं ते सांगितलंच नाही. आपण ‘दोन वर्षांपासून लातूरला राहते’ म्हणतोच की. पासून म्हणजे सिन्स ना?

औसेकर:
ताई, दोन चुका आहेत. आपलं ‘पासून’ दोन्हीकडं चालतं: ‘जूनपासून’ अन् ‘दोन वर्षांपासून’ही. इंग्रजीत इथं वाटणी आहे. कधी सुरू झालं ते सांगायचं तर सिन्स, किती काळ लोटला ते सांगायचं तर फॉर. मराठवाडा 1 मे 1960 पासून महाराष्ट्रात आहे, इथं सिन्स. साठाहून जास्त वर्षांपासून आहे म्हटलं की फॉर.

दुसरी चूक क्रियापदाची, अन् खरी गोम तिथंच आहे. आपण म्हणतो, ‘दोन दिवसांपासून पाऊस पडायलाय.’ पडायलाय म्हणजे चालू वर्तमानकाळ, म्हणून पोरं सरळ ‘इज रेनिंग’ लिहून मोकळी होतात. पण मागं सुरू झालेलं अजून चालूच असेल तर इंग्रजीला हॅव किंवा हॅज लागतं: इट हॅज बीन रेनिंग फॉर टू डेज. तसंच लेकीचं वाक्य: आय हॅव बीन लिव्हिंग इन लातूर फॉर टू इयर्स. गाइडवाले सिन्स-फॉरच्या रिकाम्या जागा इतक्या भरून घेतात की क्रियापदाकडं कुणी बघतच नाही.

परभणीकर:
अन् ‘आठ दिवसांपासून नळाला पाणी नाही’? यात तर काहीच चालू नाही.

औसेकर:
पाणी नसणं चालू आहे ना, भाऊ! वी हॅव हॅड नो वॉटर फॉर अ वीक. एट डेज म्हणू नका, आपले ‘आठ दिवस’ म्हणजे आठवडा. एट डेज म्हटलं की समोरचा खरंच आठ मोजतो. पंधरा दिवसांनाही टू वीक्स.

नांदेडकर:
म्हणजे फॉर दिसला की हॅव घालायचंच?

औसेकर:
छे. संपलेल्या गोष्टीला साधा भूतकाळ. 2016 च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, काही महिने. ते तेव्हाच थांबलं, म्हणून: ट्रेन्स ब्रॉट वॉटर टू लातूर फॉर अ फ्यू मंथ्स. इथं ‘हॅव ब्रॉट’ लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल गाडी अजून येतेय. सिन्सपुढं एखादी घडून गेलेली घटना आली तर ती मात्र भूतकाळात, बाकीचं वाक्य हॅव-हॅजमध्येच: शी हॅज बीन हॅपी सिन्स शी केम टू लातूर.

उदगीरची आई:
कळलं. पण ‘सिन्स यू आर लेट, वेट आउटसाइड’ असंही तिच्या पुस्तकात आहे.

औसेकर:
तो सिन्स वेगळा, ‘उशिरा आलाच आहेस तर’ मधला. तिथं काळाचा संबंध नाही, वरचं काही लागू नाही.