बाइकचे मागचे ब्रेक पॅड बसत नाहीयेत, पिस्टन आत जाईना, अर्जंट मदत हवी

त्र्यंबकरोडवाला: सकाळी साडेनऊपासून बसलोय. जुने पॅड काढले, आतल्या पॅडला तर नखाएवढाही घासणारा मसाला उरला नव्हता. नवीन जाड आहेत त्यामुळे कॅलिपर (पॅड धरणारा भाग) डिस्कवर चढतच नाही. त्यातला पॅड ढकलणारा पिस्टन अंगठ्याने दाबला, पान्याच्या मुठीने दाबला, तसूभर हलत नाही. उद्या पहाटे बायकोला घेऊन सापुताऱ्याला निघायचंय, पटकन सांगा काय करू.

पंचवटीकर: अहो गाडी कोणती ते तरी सांगा. किती चालली? एबीएस आहे का?

त्र्यंबकरोडवाला: हिमालयन ४११, एबीएसवाली. २३ हजार किमी.

घाटवेडा: हार्डवेअरवाल्याकडून सी क्लॅम्प आणा, जुना पॅड पिस्टनवर ठेवून हळूहळू आवळा. आणि घाट उतरताना नुसत्या मागच्या ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, गिअर खाली टाका. माझे पॅड त्यानेच जायचे.

अंबडचा मिस्त्री: क्लॅम्प वगैरे काही नको. ब्लीड निपलला, म्हणजे कॅलिपरवरच्या ऑइल सोडायच्या तोटीला नळी लावा, अर्धा आटा सैल करा, पिस्टन लोण्यासारखा आत जातो आणि काळं झालेलं ऑइलपण बाहेर पडतं.

घाटवेडा: पहिल्यांदा करणाऱ्याला निपल उघडायला सांगताय? हवा शिरली की पेडल स्पंजसारखं होणार, त्यात एबीएस. घरी हवा काढत बसणार का ते?

अंबडचा मिस्त्री: दाब असताना ऑइल बाहेरच येतं, हवा आत कशी जाईल? पिस्टन दाबून धरूनच निपल बंद करायचा. १५ वर्षं हेच करतोय.

दिंडोरीकर: इंजिन ऑइल बदललंत का? लांब जाताय तर आधी ते बघा. वणीवरून पुढे सकाळी लवकर निघा, रस्ता मोकळा मिळतो.

पंचवटीकर: दोघं जरा थांबा. मागच्या ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडलंय का? आणि मधे ऑइल टॉप अप केलं होतं?

त्र्यंबकरोडवाला: झाकण नाही उघडलं. ऑइल गेल्या महिन्यात मिनच्या खुणेखाली दिसलं म्हणून मीच डॉट ४ ब्रेक ऑइल आणून मॅक्सच्या खुणेपर्यंत भरलं. त्याचा काय संबंध?

पंचवटीकर: तिथेच तर अडलंय. पॅड झिजतात तसा पिस्टन बाहेर येतो, त्याच्यामागे ऑइल भरतं म्हणून डबीतली लेव्हल उतरते. तुम्ही ती भरून टाकली, आता पिस्टन मागे गेला तर ऑइलने जायचं कुठे? झाकण काढा, सिरिंजने थोडं ऑइल ओढा, मग दाबा. खाली फडकं अंथरा, डॉट ४ रंगावर सांडलं की रंग खातं. सांडलंच तर लगेच पाण्याने धुवा. पिस्टनच्या कडेची घाण आधी ब्रशने काढा, नाहीतर ती सीलमध्ये जाईल. आणि आतलाच पॅड जास्त झिजलाय म्हणताय, म्हणजे कॅलिपर पिनांवर सरकत नसणार. पिना काढून बघा.

त्र्यंबकरोडवाला: गेला आत!! सिरिंज दोनदा भरली, मग अंगठ्यानेच गेला. एक पिन कोरडी ठक्क, तांबूस गंज. ग्रीस बेअरिंगचं आहे ते चालेल?

अंबडचा मिस्त्री: बिलकूल नाही, त्याने रबर फुगतं आणि पिन परत अडकते. सिलिकॉन ग्रीसच लावा, ब्रेकचं. हे पंचवटीकर बरोबर बोलले.

त्र्यंबकरोडवाला: ग्रीस आणलं, पॅड बसले. पण आता पेडल दाबलं तर सरळ खाली जातंय, ब्रेकच नाही!! निपलला हात नव्हता लावला.

घाटवेडा: घाबरू नका, पिस्टन मागे आहे अजून. गाडी जागची न हलवता पेडल पंप करत राहा, पॅड डिस्कला टेकले की कडक होईल. मग लेव्हल बघून झाकण लावा. उद्या निघायच्या आधी आज संध्याकाळी गंगापूर रोडला एक चक्कर मारा, हळूहळू ब्रेक लावत, नवीन पॅड लगेच पकडत नाहीत.

त्र्यंबकरोडवाला: आठव्या दाबाला कडक झालं. डिस्कच्या काठाला नखाला कड लागतेय, चालेल का?

पंचवटीकर: किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. काठ सोडून, पॅड घासतो तिथे मोजा, कडेवर व्हर्निअर टेकवलात तर जाडी जास्त दिसेल. आकडा इथे टाका.