बसऱ्याला गेलेल्या पणजोबांचा माग कसा काढावा?

कृष्णाकाठ (प्रश्न)

सप्रेम नमस्कार. आमचे मूळ गाव सांगली जिल्ह्यातील वाळवे तालुक्यात आहे. माझ्या आजोबांचे वडील पहिल्या महायुद्धाच्या काळात पलटणीत भरती झाले, 'बसऱ्याच्या लढाईला' गेले आणि परत आले नाहीत, एवढीच हकीकत घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आजोबा तेव्हा रांगत होते, त्यामुळे त्यांनाही वडिलांचा चेहरा आठवत नसे. पणजीला सगळे 'मोठी आई' म्हणत आणि तिने पुढे कितीतरी वर्षे कपाळाचे कुंकू पुसले नव्हते, असे माझी आत्या सांगते.

पुराव्यादाखल माळ्यावरच्या ट्रंकेत काशाचा एक जड गोल बिल्ला मिळाला. तो साधारण हाताच्या पंज्याएवढा असून त्यावर हातात त्रिशूळ घेतलेली एक स्त्री व सिंह कोरलेला आहे आणि एका चौकटीत पणजोबांचे नाव उठावदार इंग्रजी अक्षरांत आहे. त्यावर हुद्दा, क्रमांक वा पलटण यांपैकी काहीही नाही. (मध्यंतरी काही वर्षे हा बिल्ला दह्याच्या मडक्यावर झाकण म्हणून वापरला जात होता, हे सांगताना संकोच वाटतो.) राष्ट्रकुलाच्या युद्धसमाध्यांच्या आयोगाच्या (सीडब्ल्यूजीसी) संकेतस्थळावर मी नाव व 'सांगली' असे शब्द घालून शोध घेतला, परंतु काहीच हाती लागले नाही. जुन्या सातबारावर केवळ चुलत पणजोबांचे नाव आहे. एका चुलत्यांचे म्हणणे असे की, पणजोबा शिपाई नव्हतेच, खेचरांच्या तांड्यावर होते. ते कोणत्या तुकडीत होते, कधी व कोठे वारले आणि त्यांचा उल्लेख कोणत्या कागदात मिळू शकेल, याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

दप्तरखाना

आपला शोध पहिल्याच पायरीवर अडखळला, याचे कारण 'सांगली' हा शब्द आहे. आज ज्याला आपण सांगली जिल्हा म्हणतो तो त्या काळी अस्तित्वात नव्हता. सांगली, मिरज, जत ही संस्थाने होती आणि वाळवे, तासगाव, खानापूर हे तालुके इंग्रजी अमलातील सातारा जिल्ह्यात मोडत. संस्थानांचे विलीनीकरण झाल्यावर १९४९ साली 'दक्षिण सातारा' असा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली ठेवण्यात आले. तेव्हा १९१४ ते १९२० या काळातील कोणत्याही सरकारी नोंदीत आपले गाव 'सातारा' या नावाखालीच शोधले पाहिजे. सांगली व सातारा या दोन्ही जिल्ह्यांतील मंडळींची निम्मी निराशा याच एका गोष्टीमुळे होते, असा माझा अनुभव आहे.

आता जमिनीच्या कागदांविषयी. सातबारावर पणजोबांचे नाव नाही म्हणून त्यांचा जमिनीशी संबंध नव्हता, असा निष्कर्ष कृपया काढू नये. एकत्र कुटुंबात थोरल्या भावाचे नाव 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणून लावण्याची पद्धत होती आणि धाकट्या भावांची नावे त्या तीन अक्षरांच्या आड कायमची झाकली जात. पणजोबा धाकटे असतील, तर त्यांच्या मृत्यूनंतर वारसाची नोंद होण्याचेही कारण पडले नसेल, कारण महसूल खात्याच्या दृष्टीने काहीच बदललेले नव्हते. अशा घरात धाकट्याचे नाव कागदावर येते ते वाटणीच्या वेळी. पुतण्या आपला हिस्सा मागतो तेव्हा तो कोणाचा मुलगा आहे, हे लिहावेच लागते. म्हणून आपण मृत्यूच्या नव्हे, तर वाटणीच्या वर्षाचा शोध घ्यावा.

मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ साली झाला, तेव्हा त्या काळचे फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदलांच्या नोंदी, असण्यास काही अडचण नाही. आपल्याकडे जुने लोक फेरफाराच्या वहीला 'डायरी' म्हणतात, आणि अभिलेख कक्षात कागद मागताना तो शब्दही माहीत असलेला बरा. गट क्रमांक घेऊन गेलात तर हात हलवत परत याल. गटवारी नंतरची आहे, त्यामुळे आधी गटावरून जुना सर्व्हे नंबर काढावा आणि मग त्या नंबराच्या नोंदींची साखळी मागे मागे नेत जावी. महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होत असल्याने '१९१६-१७' अशा दप्तरात दोन्ही इसवी सनांतील नोंदी मिळतात.

गाव नमुना चौदा, म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही किंवा लोकांच्या तोंडचे 'कोतवाल बुक', पणजोबांच्या मृत्यूसाठी निरुपयोगी आहे, कारण ते गावात वारले नाहीत. मात्र आजोबांच्या जन्माची नोंद तीत असू शकते व त्यात बापाचे नाव येते. हे कागद बहुधा मोडीत असतील. २०२३ साली न्या. संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा जुनी मोडी दप्तरे मोठ्या प्रमाणावर बाहेर काढली गेली आणि जिल्हा प्रशासनांनी त्यांच्या छायाप्रती संकेतस्थळांवर ठेवल्या. त्या कामाचा उद्देश निराळा होता, परंतु आपल्यासारख्याला त्याचा आयता लाभ होतो. कचेरीत जाण्यापूर्वी त्या प्रती चाळाव्यात.

जुनी पलटण

आपल्याकडील वस्तू पदक नाही. युद्धात मृत्यू पावलेल्यांच्या वारसांना ब्रिटिश सरकारने दिलेली ती स्मृतिमुद्रा आहे, जिला इंग्रज लोक 'डेड मॅन्स पेनी' म्हणत. तिचा व्यास १२० मिलिमीटर असतो. मरण सर्वांचे सारखेच, या विचाराने तिच्यावर हुद्दा जाणूनबुजून घातला गेला नाही, त्यामुळे शिपाई की खेचरवाला हा आपल्या चुलत्यांचा प्रश्न या मुद्रेवरून सुटणार नाही. तो पदकावरून सुटू शकेल. 'ब्रिटिश वॉर मेडल' हे पदक लढाऊ शिपायांना चांदीचे मिळे, तर हिंदी मजूर पथकांतील व तत्सम बिनलढाऊ लोकांना काशाचे. त्याच्या कडेवर बारीक अक्षरांत क्रमांक, नाव व तुकडी कोरलेली असते. ट्रंक पुन्हा एकदा तपासावी. अर्थात चांदीची पदके अडचणीच्या काळात सोनाराकडे गेली आणि काशाचे बिल्ले घरात राहिले, असे पुष्कळ घरांत घडले आहे.

मुद्रेचा खरा उपयोग तिच्यावरील स्पेलिंगसाठी करावा. शोधताना आपण आडनाव आजच्या पद्धतीने लिहिले असणार. पलटणीच्या कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिले. त्यामुळे पवारांचे पोवार, जाधवांचे जादव, साळुंख्यांचे साळुंके झालेले आढळतात. मुद्रेवर जे अक्षर आहे तेच, एकही अक्षर न बदलता, आयोगाच्या शोधचौकटीत घालावे आणि जिल्ह्याच्या जागी सातारा लिहावे. नोंद मिळालीच तर तिच्या तळाशी असलेली जादा माहिती आवर्जून वाचावी. वडिलांचे नाव, गाव व जिल्हा पुष्कळदा तेथे दिलेला असतो. एकाच नावाचे चार जण निघाले तर निवाडा त्या एका ओळीवर होतो.

'बसरा' या शब्दाचा अर्थही सैल धरावा. आपल्या गावांत मेसोपोटेमियाच्या (आजच्या इराकच्या) सगळ्या मोहिमेला बसराच म्हणत, कारण जहाज तेथे लागे. ज्यांची समाधी सापडली नाही, त्यांची नोंद बसरा स्मारकावर आहे. हे स्मारक पूर्वी बसऱ्याजवळ शत्त-अल्-अरब नदीच्या काठी मकील येथे होते व १९९७ साली ते नासिरियाच्या रस्त्यावर हलवण्यात आले. मात्र तेथील दगडावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे आहेत आणि साध्या शिपायांची केवळ संख्या. आपल्या शिपायांची नावे नोंदवहीत राहिली, दगडावर चढली नाहीत. ही असमानता खुद्द आयोगाने २०२१ सालच्या आपल्या अहवालात मान्य केली आहे. सातारा तालुक्यातील अपशिंगे मिलिटरी या गावचे ४६ जण त्या युद्धात कामी आले आणि गावात त्याचे स्मारक आहे, हे सर्वांना माहीत आहे, पण तशी शिळा आपल्या गावच्या चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीतही असू शकते. चुन्याच्या थराखाली पाहावे.

तुकडी कळली की पुढचा मार्ग सोपा होतो. १०३ व ११० क्रमांकाच्या मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ क्रमांकाची मराठा पलटण या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या. ही डिव्हिजन कूत-अल्-अमारा येथे डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिने शरणागती पत्करली. सुमारे तेरा हजार लोक तुर्कांच्या कैदेत गेले. हिंदी कैद्यांना बगदाद व मोसुलमार्गे रास-अल्-ऐनपर्यंत चालवत नेऊन रेल्वेच्या कामावर जुंपण्यात आले आणि त्या वाटेवर व त्या छावण्यांत असंख्य माणसे गेली. म्हणून मृत्यूची तारीख एप्रिल १९१६ नंतरची आणि पलटण वरीलपैकी एक असेल, तर कैदेची शक्यता प्रथम विचारात घ्यावी. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने १९१४ ते १९१८ या काळातील युद्धकैद्यांची नोंदकार्डे व याद्या संकेतस्थळावर खुल्या केल्या आहेत, त्या तेव्हा उपयोगी पडतील. पलटणींच्या युद्धरोजनिशा लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. त्यांत साध्या शिपायाचे नाव सहसा येत नाही, परंतु कोणत्या दिवशी पलटण कोठे होती हे कळते.

जतकर

वरील दोघांनी कागदांविषयी सविस्तर लिहिलेच आहे. आपल्या गावी हेळवी येत असतील, तर त्यांनाही विचारावे. आमच्या भागात सुगीनंतर बैल घेऊन हेळवी दारात येतो, घराण्याची वंशावळ म्हणून दाखवतो, नव्याने जन्मलेल्यांची नावे चोपडीत लिहून घेतो आणि धान्य घेऊन पुढच्या गावी जातो. त्याच्या चोपडीत तारखा मिळणार नाहीत व बायकांची नावेही क्वचितच मिळतील, परंतु भावांचा क्रम व कोणाचा वंश कोठे थांबला, हे सहसा चुकत नाही. पणजोबा थोरले की धाकटे, हा दप्तरखाना यांचा प्रश्न तेथेच सुटेल.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुद्रेवरील स्पेलिंग व 'सातारा' असे घातल्यावर एकाच नावाच्या तीन नोंदी मिळाल्या. त्यांतील एकीत आमच्या खापरपणजोबांचे नाव व गावाचे बरेचसे ओळखू येणारे रूप आहे. पलटण ११० मराठा लाइट इन्फन्ट्री, स्मारक बसरा आणि मृत्यू १९१६ च्या ऑक्टोबरातील. म्हणजे पणजोबा शिपाईच होते आणि तारीख शरणागतीनंतरची आहे. परंतु एक गोष्ट जुळत नाही. आमच्या घरी त्यांचा म्हाळ (पितृपक्षातील श्राद्ध) भाद्रपद वद्य चतुर्दशीला घालतात. ऑक्टोबरातील ती तारीख मी जुन्या पंचांगाशी ताडून पाहिली, तर त्या दिवशी चतुर्दशी येत नाही. मग तारीख चुकीची मानावी की नोंद दुसऱ्याच कोणाची?

वाईकर

दोन्ही नव्हे. पितृपक्षातील चतुर्दशी ही शस्त्राने किंवा अपघाताने मृत्यू आलेल्यांची तिथी मानतात, मग त्यांचा मृत्यू कोणत्याही तिथीला झालेला असो. जो नैसर्गिक मरणाने चतुर्दशीला गेला, त्याचे श्राद्ध उलट अमावास्येला करतात. ज्याच्या मृत्यूची तिथीच माहीत नाही, त्याचाही म्हाळ सर्वपित्री अमावास्येला घालण्याची रूढी आहे. आपल्या घरात अमावास्या न धरता चतुर्दशी धरली, याचा अर्थ त्या वेळच्या वडीलधाऱ्यांची अशी खात्री झाली होती, किंवा करून दिली गेली होती, की पणजोबा लढाईत पडले. ते प्रत्यक्षात कैदेत आजाराने वा उपासमारीने गेले असले, तरी सरकारी पत्र वाचून दाखवणाऱ्याने 'लढाईत कामी आले' एवढेच सांगितले असेल. म्हाळाची तिथी ही मृत्यूची नोंद नसून घरी पोहोचलेल्या बातमीची नोंद आहे. पणजीने कुंकू पुसले नाही हे लक्षात घेता, त्या बातमीवर घरातील सर्वांचाच विश्वास बसला होता असे दिसत नाही.

कृष्णाकाठ

वाईकर यांचा मुद्दा आत्याला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली की, चतुर्दशी धरण्याचा आग्रह थोरल्या चुलत पणजोबांचा होता आणि मोठी आई त्या दिवशी स्वयंपाक करी, पण पानावर बसत नसे.

दरम्यान तालुक्याच्या अभिलेख कक्षात तीन खेपा झाल्या. दप्तरखाना यांचा अंदाज अचूक ठरला. मृत्यूनंतरची वारसनोंद नाहीच, मात्र १९२९ सालचा वाटणीचा फेरफार मिळाला. त्यात थोरल्यांच्या नावापुढे ए.कु.मॅ. आहे, त्याखाली आजोबांचे नाव 'अज्ञान', म्हणजे अल्पवयीन, म्हणून असून पणजोबांचा उल्लेख 'लढाईत मयत' असा आहे. पालनकर्ती आई म्हणून मोठ्या आईचे नाव आणि डाव्या अंगठ्याचा ठसा आहे. तिचे खरे नाव आमच्या घरात कोणालाही ठाऊक नव्हते. अडचण अशी की, नोंद मोडीत आहे, त्या नावाचे पहिले अक्षर शाईत पसरले आहे आणि दोघा मोडी वाचकांनी ते दोन निरनिराळ्या प्रकारे वाचले. त्या ओळीचे छायाचित्र सोबत जोडले आहे. दप्तरखाना किंवा अन्य कोणी मोडी जाणणाऱ्यांनी, इतरांचे वाचन विचारात न घेता, ते एकदा स्वतंत्रपणे वाचून कळवावे, ही विनंती.