व्हर्टिकल ड्रॉपवाल्या कोस्टरमध्ये पैसा नक्की कशात जातो?

शेवटचं_सेमिस्टर:
नमस्कार मंडळी, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, सेमिनारला सरळ खाली कोसळणारे रोलर कोस्टर घेतलेत. डिझाइनचं बरंच वाचून झालंय पण खर्चाच्या भागात पार अडकलोय. इंग्लंडमधलेच दोन घ्या. आल्टन टॉवर्स पार्कचा ऑब्लिव्हियन बघा, १९९८ चा, ड्रॉप ५५ मीटर, खर्च १ कोटी २० लाख पौंड. आणि थॉर्प पार्कचा सॉ, २००९ चा, उंची जेमतेम ३० मीटर आणि खर्च १ कोटी ३५ लाख पौंड! उंची निम्मी आणि पैसे जास्त, हे कसं काय? दोघांत मला दिसलेला मोठा फरक म्हणजे कोन, ऑब्लिव्हियन ९० च्या जरासा आत आहे आणि सॉ १०० अंशांचा, म्हणजे रूळ उलटा आत वळतो. तर कोन वाढला की खर्च वाढतो असं लिहू का? ग्राफ काढायला घेतला होता पण ठिपके कसेही पडतायत, काही जुळतच नाहीये. कोणी यात लक्ष घातलं असेल तर प्लीज सांगा, पुढच्या आठवड्यात सबमिशन आहे.

रूळवेडा:
कोनाचा ग्राफ काढू नकोस रे, काही हाती लागणार नाही. खाली पोचल्यावर वेग किती हे उंचीवर ठरतं, कोनावर नाही. घर्षण सोडलं तर ५५ मीटरवरून कसाही आलास तरी साधारण ११८ किमी वेग येतो, ऑब्लिव्हियनचा प्रत्यक्षात ११० आहे. आणि खरा त्रास ड्रॉपमध्ये नाहीच, तो संपताना आहे. सरळ खाली आलेली ट्रेन आडवी करायची तर तळाशी मोठा वळसा लागतो. माणसाला तळाशी ४ जी (म्हणजे स्वतःच्या वजनाच्या चौपट जोर) पर्यंतच जाणवू द्यायचे असं धर, मग १ जी वजनाचा आणि ३ जी वळणाचे, म्हणजे v² / r = ३g, v वेग, r वळणाची त्रिज्या, h उंची. v² च्या जागी २gh टाक, r बरोबर उंचीच्या दोन तृतीयांश येतो!! उंची कितीही घे, प्रमाण तेच. म्हणजे ५५ मीटरमधले सदतीसेक मीटर तर नुसतं वळण्यात जातात, वर कडेवरून आत उतरायचं वळण वेगळंच, त्यामुळे ज्याला आपण ९० अंशांचा ड्रॉप म्हणतो त्यातला खराखुरा उभा तुकडा अगदी थोडा असतो. खऱ्या डिझाइनमध्ये एकच त्रिज्या नसते, वेग वाढेल तशी बदलत नेतात, पण अंदाजाला हे पुरतं. हे गणित एकदा स्वतः करून बघ, मला पहिल्यांदा सुटलं तेव्हा फार आनंद झाला होता.

आता ९० च्या पुढचा कोन. तो मिळतो वर, जिथे गाडी जेमतेम सरकत असते. वेग कमी म्हणून वळण खूप घट्ट ठेवता येतं, अट एकच की गाडी आखूड पाहिजे. म्हणून गर्स्टलाउअर या जर्मन कंपनीच्या युरो-फायटर जातीच्या कोस्टरमध्ये (सॉ त्यातलाच) लांब ट्रेन नसते, सुटी गाडी असते. डेन्मार्कच्या बॉनबॉन-लँडमध्ये २००३ ला पहिला आला तो ९७ अंशांचा, जपानच्या फुजी-क्यू पार्कचा ताकाबिशा २०११ चा, तो १२१, पण उंची ४३ मीटरच. त्या तुकड्यात गाडीचं वजन रुळाच्या खालून धरणाऱ्या चाकांवर येतं आणि माणूस रेस्ट्रेंटमध्ये, म्हणजे सीटला धरून ठेवणाऱ्या दांड्यात, लटकतो. चाकांचे ते तिन्ही संच, वरची, बाजूची, खालची, बहुतेक स्टीलच्या कोस्टरला असतातच. कोनासाठी फार काही नवीन विकत घ्यावं लागत नाही.

हिशेबनीस:
रूळवेडा यांनी डिझाइन छान उलगडलंय, मी पैशाचं बोलते. पार्कवाले जो आकडा जाहीर करतात तो नुसत्या राइडचा नसतो, स्टेशन, इमारत, सजावट, खोदकाम, आजूबाजूचा परिसर सगळं त्यात येतं आणि प्रत्येक पार्क काय धरतं ते वेगळं. सॉमध्ये ड्रॉपच्या आधी अंधाऱ्या इमारतीतून जाणारा अख्खा भाग आहे, त्या थीमचे पैसे त्यात आहेत. शिवाय १९९८ चा पौंड आणि २००९ चा पौंड एकच नाही, ११ वर्षांची महागाई धरलीत तर तुमचं अर्धं कोडं तिथेच सुटतं.

तुलना करायचीच तर एकाच देशातली, जवळजवळच्या वर्षांतली घ्या. अमेरिकेतलेच दोन बघा. बुश गार्डन्स टँपाचा शीक्रा, २००५, ६१ मीटर, पूर्ण ९० अंश, १ कोटी ३५ लाख डॉलर. हर्शीपार्कचा फॅरनहाइट, २००८, ३७ मीटर, ९७ अंश, १ कोटी २१ लाख डॉलर. उंचीत एवढा फरक असून किमती जवळ जवळ. आता आसनं मोजा. शीक्राच्या एका ट्रेनमध्ये ८ च्या ३ रांगा म्हणजे २४ माणसं, फॅरनहाइटच्या ट्रेनमध्ये १२. दोन्हीकडे मिनिटाला एक ट्रेन सुटते असं फक्त हिशेबापुरतं धरलं तर तासाला १४४० विरुद्ध ७२०. दर तासाला बसणाऱ्या एका माणसामागे शीक्राला साधारण ९,४०० डॉलर पडले आणि फॅरनहाइटला १६,८००. पार्क चालवणाऱ्याला हा आकडा महत्त्वाचा, कारण रांग किती वेगाने हलते ते यावर ठरतं. तुमच्या टेबलात कोनाच्या जागी हा कॉलम टाका. सॉला सुद्धा हेच लागू होतं, तिथे एका गाडीत फक्त ८ जण बसतात.

शेवटचं_सेमिस्टर:
ताई खूप खूप आभार, हा कॉलम मला सुचलाच नसता. आणि दोन तृतीयांशवालं गणित आत्ता वहीत केलं, सुटलं!! एक शंका, मग सगळे रुंद ट्रेनच का नाही बनवत? आणि अमेरिकेतल्या लगून पार्कचा कॅनिबल कुठे बसवू, ६३ मीटर, ११६ अंश, २०१५ चा, २ कोटी २० लाख डॉलर, तो तर पार्कने बराचसा स्वतःच बनवलाय ना, तरी एवढा?

रूळवेडा:
रुंदीची किंमत मोजावी लागते. ऑब्लिव्हियन, शीक्रा बनवणाऱ्या बोलिगर आणि माबिलार्ड कंपनीच्या डाइव्ह कोस्टरमध्ये रूळ मधल्या माणसांखाली, कडेचे दोघं तिघं चक्क हवेत. त्यांच्याच ग्रिफन कोस्टरला तर एका रांगेत १० जण. ट्रेन कुशीवर वळली की मधला जागच्या जागी फिरतो आणि कडेचा मोठा फेरा मारतो, म्हणून वळणं सैल ठेवावी लागतात, रूळ जाडजूड, खांब आणि पाया भक्कम, जागा भरपूर. मी शीक्राच्या कडेच्या सीटवर बसलोय, वर कडेला ट्रेन ३-४ सेकंद धरून ठेवतात तेव्हा पायाखाली काही म्हणजे काहीच नव्हतं, माझ्या मते त्या राइडचे सगळे पैसे त्या ४ सेकंदांतच वसूल आहेत. नाव शिक्रा पक्ष्यावरून ठेवलंय, अगदी शोभतं. जागा कमी असलेल्या पार्कला मात्र हे परवडत नाही, तिथे युरो-फायटर, उभी लिफ्ट, उभा ड्रॉप, सगळं एका कोपऱ्यात मावतं.

कॅनिबलचं म्हणशील तर तिथे साखळीची चढण नाहीच, बंद टॉवरमध्ये लिफ्टने गाडी वर नेतात. ती यंत्रणा आणि एवढा टॉवर आला की खर्च येणारच, कोणीही बनवला तरी.

खोलपाया:
मी सिव्हिलचा, म्हणून जमिनीचं बोलतो, ते सगळे विसरतात. ऑब्लिव्हियनची चढण जमिनीच्या वर साधारण २० मीटरच आहे. तिथे झाडांच्या शेंड्यांच्या वर काही बांधायला परवानगी नाही, म्हणून उरलेला ड्रॉप जमिनीत खणून बोगद्यात नेलाय. शीक्राने तीच उंची स्टीलचे खांब रोवून मिळवली. तेव्हा तुझ्या टेबलात ड्रॉप आणि जमिनीवरची उंची हे दोन वेगळे कॉलम कर, नाहीतर खणायचा खर्च कुठे दिसणारच नाही.

आणि एक प्रकार राहिलाय बघ, टिल्ट. तैवानचा ग्रॅव्हिटी मॅक्स, २००२, व्हेकोमा कंपनीचा. ट्रेन आडव्या रुळावर येऊन थांबते आणि तो रूळच ट्रेनसकट झुकून उभा होतो, खालच्या उभ्या रुळाला जुळतो, लॉक लागतो, मग सोडतात. अमेरिकेतल्या सीडर पॉइंट पार्कला २०२५ मध्ये सायरन्स कर्स आला तो याच जातीचा. इथे वरचं वळण वाचतं पण हलणारा रूळ आणि त्याचं लॉकिंग आलं, शिवाय तो परत आडवा होईपर्यंत मागची ट्रेन थांबून राहते. ताईंच्या तासाच्या हिशेबात हा थांबा धर, मिनिटाला एक ट्रेन तिथे गृहीत धरू नकोस.