मॅक्रो, मायक्रो आणि १:२ : जुन्या लेन्सवरचे शब्द नक्की काय सांगतात?

रानवाटी:
मंडळी जरा मदत हवीय, अर्धी भाषेची अर्धी खरेदीची. पावसाळा सरता सरता कासला जायचंय, तिथली सीतेची आसवं (इवली रानफुलं) आणि दवबिंदू (ती किडे खाणारी चिकट वनस्पती) अगदी जवळून टिपायचीयत, आणि नवी मॅक्रो लेन्स काही खिशाला झेपत नाही म्हणून जुन्या मॅन्युअल लेन्स बघतोय. कॅमेरा निकॉनचा, क्रॉप सेन्सरवाला (म्हणजे सेन्सर ३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान), अगदी साधा. आता जाहिरातीत एका लेन्सवर लिहिलंय मायक्रो, दुसरी एक झूम आहे तिच्यावर मॅक्रो, आणि तिसरा विकणारा म्हणतो पेंटॅक्सची ५० मिमी आहे, १:२ आहे म्हणजे हाफ मॅक्रो, लगेच घेऊन टाका. बरं, पुतणी बारावीला आहे, तिच्या अर्थशास्त्रात मायक्रो म्हणजे सूक्ष्म आणि मॅक्रो म्हणजे स्थूल. मग मॅक्रो फोटोला आपण सूक्ष्मचित्रण कसं काय म्हणतो? स्थूलचित्रण म्हणायला नको का?

टिवल्याबावल्या:
स्थूलचित्रण म्हणजे आमच्या घरच्या लग्नाचा अल्बम 😀

जुनंतेसोनं:
हसू नका, शंका रास्त आहे. ग्रीकमध्ये मॅक्रो म्हणजे लांब, मोठं आणि मायक्रो म्हणजे बारीक. फोटोच्या बाबतीत मॅक्रो हे नाव वस्तूला नाही, फिल्मवर पडणाऱ्या प्रतिमेला आहे. मुंगी बारीकच असते पण तिची प्रतिमा फिल्मवर तिच्याएवढी किंवा तिच्याहून मोठी पडली की ते मॅक्रो. आपण मराठीत वस्तूकडे बघून सूक्ष्म म्हणतो, ते प्रतिमेकडे बघून मोठं म्हणतात, दोघंही बरोबर.
निकॉनवाले मात्र मुद्दाम वेगळे चालले. त्यांची पहिली मायक्रो-निक्कॉर आली १९५६ मध्ये, ५ सेंमी एफ ३.५, आणि ती फुलाकिड्यांसाठी नव्हतीच, कागदपत्रांची मायक्रोफिल्म करायला होती. जपानी कांजी अक्षरात एवढ्याशा जागेत रेघांची नुसती गर्दी असते, ती कोपऱ्यापर्यंत स्वच्छ उठायला पाहिजे. तेव्हापासून आजतागायत प्रतिमा खऱ्या आकारापर्यंत नेणाऱ्या लेन्सला ते मायक्रो म्हणतात. मॅक्रो-निक्कॉर नावाच्या लेन्स त्यांनी वेगळ्या काढल्या, १९, ३५, ६५ आणि १२० मिमी, त्या मल्टिफॉट नावाच्या उभ्या स्टँडवर लावायच्या आणि त्यांचं मुख्य काम खऱ्या आकाराच्या पुढचं. बाकी जग मॅक्रोच म्हणत राहिलं, कारण ३५ मिमी कॅमेऱ्यासाठीची या जातीची पहिली लेन्सच मॅक्रो-किलार होती, १९५५, जर्मन, ४० मिमी. तर निकॉनची मायक्रो आणि इतरांची मॅक्रो यात विकत घेणाऱ्याला काडीचा फरक नाही.

रानवाटी:
हे झकास. म्हणजे मायक्रो लिहिलेली चालेल. आणि ती झूम?

जुनंतेसोनं:
झूमवरच्या मॅक्रो शब्दावर विसंबू नका. सत्तर-ऐंशीच्या दशकात झूमवर मॅक्रो छापायची साथच आली होती, बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ एवढाच की ही झूम इतरांपेक्षा थोडी जवळ फोकस होते, १:४ किंवा १:५ पर्यंत, म्हणजे प्रतिमा वस्तूच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढी. अपवाद आहेत, उदाहरणार्थ व्हिविटार सिरीज १ ची ७०-२१० एफ ३.५, ती १:२.२ पर्यंत जाते. त्यातली पहिली आवृत्ती किरॉनने बनवलेली. व्हिविटारचा स्वतःचा कारखाना नव्हता, वेगवेगळ्यांकडून करून घ्यायचे, म्हणून सिरीयल नंबरचे पहिले दोन आकडे बघायची पद्धत आहे: २२ म्हणजे किरॉन, २८ म्हणजे कोमिने, ३७ म्हणजे टोकिना.

एकडोळ्या:
थांबा थांबा, त्या पेंटॅक्सवाल्याचं कोणी बोलतच नाहीये आणि खरा घोळ तिथे आहे, कारण जुन्या लेन्सच्या तोंडावर जे १:२ कोरलेलं असतं ते विशालन (प्रतिमा वस्तूच्या किती पट ते) नाहीच मुळी, ते अ‍ॅपर्चर आहे, म्हणजे प्रकाश आत घेणारं छिद्र, आज आपण ज्याला एफ २ म्हणतो ते तेव्हा १:२ असं लिहायचे, नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास, आणि पेंटॅक्स-एम ५० मिमी १:२ ही तर त्यांच्या फिल्म कॅमेऱ्यांबरोबर यायची ती साधी लेन्स आहे, पोत्याने मिळते, मॅक्रोशी तिचा संबंध नाही. आता गंमत बघा, त्याच पेंटॅक्सची खरी मॅक्रो आहे तिच्यावर लिहिलंय मॅक्रो १:४ ५० मिमी, म्हणजे अ‍ॅपर्चर एफ ४, आणि ती विशालनात १:२ जाते. म्हणजे जिच्यावर १:२ आहे ती हाफ मॅक्रो नाही आणि जी हाफ मॅक्रो आहे तिच्यावर १:४ आहे. विकणारा मुद्दाम फसवतोय असं मी म्हणत नाही, त्यालाही बहुधा हेच वाटत असणार.
विशालनाचा आकडा तोंडावर नाही, लेन्सच्या पोटावर असतो, फोकसची रिंग फिरवली की अंतराच्या आकड्यांशेजारी वेगळ्या रंगात १:१०, १:५, १:२ असे आकडे येतात, त्यातला शेवटचा खरा. त्या बाजूचा फोटो मागवा. नुसत्या समोरच्या फोटोवर पैसे पाठवू नका.

चष्मेवाली:
विशालन हा शब्द कोणीतरी वापरला, बरं वाटलं. दहावीच्या विज्ञानात होता, नाभीय अंतर पण तिथलंच, पण पेपर झाला की सगळे फोकल लेंथवर जातात.

मुठाकाठ:
विशालन समजायला दहा रुपयांचं नाणं घ्या. ते २७ मिमीचं असतं. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४. १:१ ला नाण्याची प्रतिमा २७ मिमीचीच पडणार म्हणजे वरून खालून कापलं जाणार. १:२ ला साडेतेरा मिमी, अर्ध्याहून थोडी जास्त उंची भरते. १:४ ला साधारण पावणेसात, मधोमध एक टिकली. आता रानवाटी, तुमचा सेन्सर क्रॉप आहे, उंची साधारण साडेपंधरा, त्यामुळे १:२ लाच नाणं जवळपास पूर्ण फ्रेम भरेल. तुम्हाला १:१ चा हट्ट धरायची गरज नाही. सीतेच्या आसवांना १:२ भरपूर झालं, दवबिंदूच्या एकेका थेंबावर जायचं असेल तर मात्र कमी पडेल.

रानवाटी:
आणि तेवढ्यासाठी ते क्लोजअप फिल्टर मिळतात ते? +१ +२ +४ असा सेट. स्वस्त आहेत.

चष्मेवाली:
हा माझा प्रांत 🙂 घरात चष्म्याचं दुकान आहे. तो +२ म्हणजे चष्म्याचा नंबरच, डायॉप्टर. चाळिशीत वाचायला जी चाळशी लागते तीच कॅमेऱ्याला लावायची, दुसरं काही नाही. १००० भागिले नंबर केलं की मिमीमध्ये अंतर येतं, म्हणजे +२ लावून लेन्स अनंतावर (सगळ्यात दूरच्या फोकसवर) ठेवली तर ५०० मिमीवर फोकस. विशालन काढायला नाभीय अंतर गुणिले नंबर भागिले १०००. यातून एक गोष्ट निघते जी विकणारे सांगत नाहीत, ५० मिमीवर +४ लावला तर फक्त ०.२, पण तोच २०० मिमीवर लावला तर ०.८. म्हणजे चाळशी लांब लेन्सवर लावायची, आखूड लेन्सवर पैसे वाया. आणि सेटमधले एका काचेचे असतात, कडेला जांभळी हिरवी किनार येते. दोन काचा चिकटवलेला म्हणजे अ‍ॅक्रोमॅट घ्यावा, रेनॉक्स २५० हा +८ चा चांगला आहे. घरात जुनी १३५ मिमी पडून असेल तर तिच्यावर तो लावला की एकास एकच्या थोडं पुढेच जाल.

जुनंतेसोनं:
आणि पोकळ नळ्या. म्हणजे एक्स्टेंशन ट्यूब, त्यात काच नसते, फक्त लेन्स कॅमेऱ्यापासून लांब नेतात. हिशोब अजून सोपा, नळीची लांबी भागिले नाभीय अंतर. ५० ला २५ ची नळी, ०.५. निकॉनची ५५ मिमी मायक्रो स्वतः १:२ जाते आणि तिची पीके-१३ नावाची नळी बरोबर साडेसत्तावीस मिमीची आहे, म्हणजे ५५ च्या निम्मी, अर्धा अधिक अर्धा एक. उगाच नाही ती तेवढी ठेवली. फक्त १:१ ला प्रकाश दोन स्टॉप कमी होतो, म्हणजे चौथा हिस्साच उरतो, रिंग एफ २.८ वर असली तरी काम एफ ५.६ सारखं चालतं, ते धरून चाला.

एकडोळ्या:
एम ४२ वाल्या, म्हणजे कॅमेऱ्याला आट्यांनी फिरवून बसवायच्या, रशियन लेन्सचं पण सांगा कोणीतरी. लोक सांगतात निकॉनला चालत नाहीत.

जुनंतेसोनं:
चालतात, अनंतावर फोकस होत नाहीत एवढंच. एम ४२ लेन्सला सेन्सरपासून ४५.४६ मिमी अंतर लागतं आणि निकॉनचं ४६.५ आहे, त्यात अ‍ॅडॅप्टरची जाडी, म्हणून दूरचा डोंगर धूसर. त्यावर उपाय म्हणून भिंग घातलेला अ‍ॅडॅप्टर विकतात, तो नको, त्याने चित्र बिघडतं. ज्याला फक्त फुलं टिपायचीत त्याला डोंगराशी काय करायचंय, बिनभिंगाचा अ‍ॅडॅप्टर घ्या. हेलिओस ४४-२ च्या मागे सगळे धावतात कारण फोटोत मागची धूसर पानं गरगर फिरल्यासारखी दिसतात, पण ती अर्ध्या मीटरच्या आत फोकस होत नाही, नळ्या लागतील. त्यापेक्षा व्होल्ना-९ बघा, ती मुळातच विशालनात १:२ जाते.

टिवल्याबावल्या:
मी एक जाहिरात पाहिली, '१९७८ ची एआय लेन्स'. म्हटलं तेव्हाच आलं होतं का एआय 😂

जुनंतेसोनं:
😀 निकॉनचं एआय १९७७ चं. लेन्सचं सर्वात मोठं अ‍ॅपर्चर किती ते कॅमेऱ्याला आपोआप कळवायची खाच आहे ती. त्याच्या आधीच्या लेन्स, ज्यांना नॉन-एआय म्हणतात, त्या काही वरच्या निकॉन बॉडींवर बसवल्या तर कडेची छोटी पट्टी मोडू शकते. अगदी साध्या बॉडीवर ती पट्टीच नसते म्हणून भीती नाही, पण मॉडेलचं बघून घ्या. कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर मात्र चालणार नाही, फोटो काढायचा आणि हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) बघायचा.

मुठाकाठ:
आता 'मिंट', 'एक्सलंट', 'व्हिंटेज' या शब्दांवर बोला. व्हिंटेज मुळात द्राक्षाच्या हंगामाचं, वाइनचं. आपल्याकडे त्याचा अर्थ झालाय जुनं आहे पण भाव कमी करणार नाही.

चष्मेवाली:
😀😀 आणि 'थोडी धूळ आहे' म्हणजे बुरशी.

एकडोळ्या:
अगदी. दमट हवेत, त्यातून कोकण-मुंबईत चामड्याच्या पाकिटात वर्षानुवर्षं पडलेली लेन्स म्हणजे बुरशीला माहेर. प्रत्यक्ष बघायला मिळाली तर अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं करून मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी, सगळीकडे एकसारखं दुधाळ दिसलं तर हेझ, कडेला तेलाच्या तवंगासारखे रंग दिसले तर दोन भिंगं चिकटवलेला डिंक सुटलाय, ती लेन्स ठेवून द्या परत. धुळीचे चार कण आणि समोरच्या काचेवरचा एखादा चरा यांचा फोटोवर काही परिणाम होत नाही, उलट भाव पाडायला बरे. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल आहे का तेही बघा, निकॉनच्या ५५ एफ २.८ ला हा जुनाच रोग आहे, पाती चिकटून हळू मिटतात आणि फोटो जळतो. जुनी एफ ३.५ त्या मानाने निरोगी, आणि या अंतरावर एफ ८-११ शिवाय कोण काम करतंय.

भिंगरी:
शब्दांवर परत येते. लेन्सला भिंग म्हणावं का यावर घरी वाद झाला होता. माझं मत, कॅमेऱ्याच्या लेन्सला लेन्सच म्हणा, आतल्या एकेका काचेला भिंग म्हणा. ५५ एफ ३.५ मध्ये पाच भिंगं चार गटांत आहेत असं म्हटलं की एका झटक्यात कळतं. मॅक्रोला निकटचित्रण मला आवडतं, त्यात वस्तू लहान का प्रतिमा मोठी हा झगडाच नाही. सूक्ष्मचित्रण हा शब्द सूक्ष्मदर्शकातून काढलेल्या फोटोंसाठी राखून ठेवावा.

मुठाकाठ:
निकटचित्रणाला माझं अनुमोदन. पण दुकानात जाऊन म्हणून बघा, पासपोर्ट साइज फोटो काढून देतील.

रानवाटी:
😀 ठरलं बहुतेक, ५५ एफ ३.५ बघतो. कोणी ५५ ऐवजी टॅमरॉनची ९० सांगत होतं, तिचं काय?

जुनंतेसोनं:
कासला जाणार असाल तर ९० च. जाहिरातीत 'मिनिमम फोकस २५ सेंमी' लिहिलेलं असतं ना, ते अंतर सेन्सरपासूनचं, कॅमेऱ्यावर गोलातून रेघ गेलेली खूण असते तिथून. त्यातून कॅमेऱ्याची जाडी आणि लेन्सची लांबी वजा करा, मग तोंडापासून फुलापर्यंत उरतं ते खरं कामाचं अंतर, ५५ ला १:२ वर साधारण १० सेंमी. तिथे लेन्सची सावलीच फुलावर पडते, किडा असेल तर उडून जातो, आणि पुढे सरकायच्या नादात बाकीची झाडं तुडवली जातात ते वेगळंच. ९० एफ २.५ पण १:२ जाते पण ३९ सेंमीवरून. १९७९ ची आहे. घेताना एकच बघा, तिचा माउंट (कॅमेऱ्याला जोडायचा भाग) सुटा असतो, अ‍ॅडॅप्टॉल-२ म्हणतात, आणि पुष्कळ विकणारे लेन्स स्वस्त लावून ती मागची रिंग देतच नाहीत. निकॉनची रिंग सोबत आहे का ते आधी विचारा, नंतर वेगळी शोधायला गेलात तर स्वस्ताई तिथेच संपते.