हप्ता थकलेल्या कर्जदाराच्या अर्जाला बँकेनं उत्तर द्यायला नको का?

शाहूपुरीकर
सरळ मांडतो. ज्याची फेडायची नियत आहे पण काही महिन्यांपुरती ऐपत कमी पडलीय, अशा कर्जदारानं "हप्ता कमी करा, मुदत वाढवा" असा लेखी प्रस्ताव दिला, तर बँक असो, पतसंस्था असो की फायनान्स कंपनी, तिनं कारणासह लेखी उत्तर दिलंच पाहिजे. प्रस्ताव मान्यच करा, असा माझा हट्ट नाही.

माझ्या भावाचं कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. मोठ्या गिऱ्हाइकाकडं बिलं अडकली, हप्ते चुकायला लागले. तेव्हाच तो अर्ज घेऊन शाखेत गेला, पोच घेतली. नंतर हेलपाटेच. "वरून कळवतो" यापलीकडं कुणी काही बोललं नाही, आणि शेवटी सरफेसी कायद्याच्या (तारण ताब्यात घेऊन वसुली करायचा कायदा) कलम १३(२) ची नोटीस आली. ६० दिवसांत सगळं येणं भरा! महिन्याचा हप्ता ज्याला जमत नाही, त्याच्याकडं अख्खं कर्ज एकदम मागून कुणाची वसुली होणार आहे?

बोलायची खरी वेळ पहिल्या ९० दिवसांची असते. त्यानंतर खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या हिशेबात थकीत, अनुत्पादक. नेमके तेच तीन महिने शाखा गप्प बसते, याचा मला संताप आहे.

ठेवीदार, राजारामपुरी
तुमच्या भावाबद्दल वाईट वाटतं, पण हे पैसे बँकेचे नाहीत, आमचे आहेत. माझ्या निवृत्तीच्या रकमेतला मोठा भाग एका पतसंस्थेत आहे. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तोही नाही. कर्जदाराला सवलत मिळत गेली तर माझी ठेव मुदतीला कोण देणार?

आणि सवलत हा हक्क नाही. बिजनौर अर्बन सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलंय की एकरकमी तडजोड द्याच, असा आदेश न्यायालय बँकेला देऊ शकत नाही.

शाहूपुरीकर
काका, तो निकाल एकरकमी तडजोडीचा आहे. तिथं बँक काही रक्कम सोडून देते. मी एक रुपयाही सोडा म्हणत नाही. पूर्ण मुद्दल, पूर्ण व्याज, फक्त मुदत जास्त. या दोन गोष्टी एकाच पारड्यात टाकल्या की प्रामाणिक माणूस बुडव्यांच्या रांगेत उभा राहतो.

निवृत्त शाखाधिकारी
आतली बाजू सांगतो. शाखाधिकारी गप्प बसतो कारण त्याच्या हातात काही नसतं. अडचणीतल्या कर्जाची फेररचना केली की, काही अपवाद सोडले तर, नियमानुसार खातं लगेच एनपीए धरावं लागतं आणि संभाव्य तोट्यासाठी बाजूला ठेवायची तरतूद वाढते. म्हणजे कर्जदाराला मदत करायला गेलं की शाखेचा ताळेबंद त्याच दिवशी बिघडतो. वर हे खातं पुढं बुडालं तर "तू का सवलत दिलीस" म्हणून चौकशी. नोटीस काढणाऱ्याला तसं कुणी विचारत नाही.

पण कर्जदारांचे अर्जही बघा. "अडचणीत आहे, सहकार्य करावे ही विनंती." एवढ्यावर मी मुख्य कार्यालयाला काय पाठवणार? येणं कुणाकडून किती, जीएसटीची विवरणपत्रं, पुढच्या सहा महिन्यांत आत किती येणार आणि बाहेर किती जाणार, हे सगळं हवं. लघुउद्योगांसाठी तर २९ मे २०१५ ची केंद्राची अधिसूचनाच आहे. खातं एनपीए होण्याआधी अडचण ओळखायची आणि बँकेच्या समितीनं मार्ग काढायचा, असं तिच्यात आहे. ती पाळणं बँकांना बंधनकारक आहे, पण उद्योजकानंही वेळेत कागदपत्रांसह पुढं आलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं १ ऑगस्ट २०२४ ला सांगितलं. उद्यमनगरात किती जणांना हे माहीत आहे? मला नोकरीत असताना फार थोडे भेटले.

गंगावेस
मी शेतकरी, दरवर्षी सोसायटीचं पीककर्ज वेळेत भरतो. २०१९ ला कर्जमुक्ती जाहीर झाली, थकलेल्यांची कर्जं माफ झाली. आम्हा नियमित भरणाऱ्यांचं ५० हजारांपर्यंतचं अनुदान हातात यायला २०२२ उजाडलं. थकवणाऱ्याचं आधी ऐकायचं हीच सवय लागलीय. माझा विरोध आहे, स्पष्ट.

कुंभार गल्ली
गंगावेसवाले दादा, २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी तुमच्याकडंपण आलं होतं की. आमच्या गणपतीच्या मूर्ती ऐन हंगामाच्या तोंडावर भिजून गेल्या. त्यात नियत कुठं आली? पूर जाहीर आपत्ती असतो म्हणून बँकांना निदान मुदतवाढीचे नियम तरी आहेत. घरातला कर्ता माणूस दवाखान्यात पडला तर ती आपत्ती कुठल्या यादीत बसते?

आणि बचत गटाच्या नावाखाली घेतलेली मायक्रोफायनान्सची कर्जं बघा. घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाऊ नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम. वसुलीचा फोन सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर करायचा नाही, हाही नियम. आमच्या गल्लीत दारात ठिय्या मारून बसतात, शेजारणींना बोलावून घेतात. बाई म्हणते, या आठवड्याला निम्मं घ्या. घेत नाहीत. पूर्ण दे नाहीतर गटाकडनं घे. हातातले पैसे नाकारायचे आणि वर थकबाकीदार म्हणायचं!

वकील, कसबा बावडा
कायद्यात उत्तराची तरतूद आहे, पण उशिरा. नोटीस आल्यावर कर्जदारानं हरकत घेतली तर सरफेसीच्याच कलम १३(३अ) खाली बँकेनं १५ दिवसांत कारणं कळवायची असतात. तेवढ्या कारणांवरून मात्र न्यायाधिकरणात जाता येत नाही; ताब्याच्या कारवाईनंतरच जाता येतं, आणि आपलं कर्जवसुली न्यायाधिकरण पुण्यात. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे, हे घटनापीठानं ५ मे २०२० ला ठरवलं. तो खटला आपल्याच मुरगूडच्या बँकेचा. पतसंस्थांची वाट वेगळी: सहकार कायद्याचं कलम १०१, वसुली दाखला, मग १५६ खाली जप्ती.

खरी पोकळी पुढं आहे. एका घराची तीन-चार ठिकाणी कर्जं असतात. सगळ्या कर्ज देणाऱ्यांना एका टेबलावर बसवून हप्ता ठरवून देणारी सोय सामान्य माणसासाठी नाही. दिवाळखोरी संहिता २०१६ ची, पण तिचा वैयक्तिक कर्जदारांचा भाग कंपन्यांचे जामीनदार सोडले तर अजून लागू केलेला नाही. सामान्य माणसाला आजही १९२० चा कायदा. त्यामुळं एका बँकेनं हप्ता कमी केला तरी दुसरी जप्ती आणते, आणि पहिलीला वाटतं आपणच मूर्ख ठरलो. ही भीती खोटी नाही.

ठेवीदार, राजारामपुरी
वकीलसाहेब, हे पटलं. १५ दिवसांत उत्तर हा नियम एनपीएच्या आधी आणला तर माझी हरकत नाही. पण उत्तर येईपर्यंत वसुली थांबवा म्हणाल तर माझा विरोध कायम.

शाहूपुरीकर
वसुली थांबवू नका. नोटीस तेवढी थांबवा, आणि जमेल ती रक्कम खात्यात जमा करून घ्या.

ठेवीदार, राजारामपुरी
जमेल ती म्हणजे किती? निदान महिन्याच्या व्याजाइतकी हवीच. नाहीतर येणं वाढतच जाईल.

शाहूपुरीकर
व्याजाइतकी मान्य. माझा भाऊ तेवढी पहिल्या दिवसापासून द्यायला तयार होता.

कुंभार गल्ली
तुमचं जमलं. आमच्याकडं पाणी उतरून चिखल काढायचा चालू असतो त्या महिन्यात व्याजाचे तरी कुठनं आणायचे, तेवढं सांगा.