शब्दचर्चा : 'ओकी' म्हणजे फक्त ओक्लाहोमाचा माणूस?

प्रश्न : अमेरिकन कंट्री गायक मर्ल हॅगर्डचं १९६९ सालचं गाणं 'ओकी फ्रॉम मस्कोगी' भाषांतरासाठी समजून घेते आहे. मस्कोगी हे ओक्लाहोमातलं गाव. शब्दकोशात 'ओकी' म्हणजे ओक्लाहोमा राज्याचा रहिवासी, एवढंच दिलंय. मग आपल्या गावाचं कौतुक करणाऱ्या गाण्यावरून इतका वाद का झाला? आणि त्यातलं 'व्हाइट लायटनिंग' म्हणजे काय? विजेचा तिथे काही संबंध लागत नाही.

प्रतिसाद : ताई, शब्दकोशातल्या अर्थाने पाहिलं तर हॅगर्ड स्वतःच ओकी ठरत नाही, कारण त्याचा जन्म १९३७ साली कॅलिफोर्नियात झाला. तरीही तो पक्का ओकी होता.

१९३० च्या दशकात मंदी, दुष्काळ आणि धुळीच्या वादळांनी शेती बुडाली, तेव्हा हजारो कुटुंबं मजुरीसाठी कॅलिफोर्नियात गेली. तिथल्या लोकांनी त्यांना 'ओकी' म्हणून हिणवलं. टेक्सास, आर्कान्सा, मिझुरीहून आलेलेही त्यातच धरले जात. म्हणजे शब्द गावाचा राहिला नाही, गरिबीचा झाला. १९३६ साली तर लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी राज्याच्या सीमेवर पहारे बसवून अशा माणसांना परत पाठवलं होतं. हॅगर्डचे आईवडील याच लोंढ्यातले. बेकर्सफील्डजवळ ऑइलडेलला रेल्वेच्या जुन्या डब्याचं घर करून ते राहिले आणि मर्ल तिथेच वाढला. अशा माणसाने 'मी ओकी आहे आणि मला त्याचा अभिमान आहे' असं म्हणणं फार मोठं आहे. मुंबईत 'घाटी' हा शब्द ज्या सुरात फेकला जातो तो सूर आठवा, म्हणजे 'ओकी'चं वजन कळेल.

दुसरा प्रतिसाद : हे पटलं, पण १९६९ च्या श्रोत्यांनी ते असं ऐकलं का? व्हिएतनाम युद्ध पेटलेलं होतं. आमच्या गावात गांजा ओढत नाहीत, सैन्यभरतीची कार्डं जाळत नाहीत, असं गाणं म्हणतं. युद्धाच्या बाजूच्या लोकांनी ते आपलं राष्ट्रगीतच करून टाकलं. बिलबोर्ड या संगीत-साप्ताहिकाच्या कंट्री गाण्यांच्या यादीत ते चार आठवडे पहिलं होतं आणि १९७० साली कंट्री म्युझिक असोसिएशनने त्याला वर्षातलं सर्वोत्तम सिंगल ठरवलं. १९७३ मध्ये हॅगर्ड राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या व्हाइट हाउसमध्ये गायला. उलट बाजूला, युद्धविरोधी गायक फिल ओक्सनेही ते मंचावर गायलं आणि हिप्पींच्या लाडक्या ग्रेटफुल डेड या रॉक बँडने बीच बॉइज या बँडबरोबर! दोन्हीकडच्या टाळ्यांत मूळ शब्दाची वेदना मात्र बुडाली, याचं मला फार वाईट वाटतं.

पहिल्याचाच प्रतिसाद : खरं आहे. आता 'व्हाइट लायटनिंग'. ही मक्याची, चोरून गाळलेली दारू. आपली हातभट्टीच म्हणा. ओक्लाहोमात दारूबंदी १९५९ पर्यंत होती, हे लक्षात घेतलं की ओळ उलगडते. गांजाला नाकं मुरडणाऱ्या गावाला सगळ्यात मोठी मजा वाटते ती बेकायदा दारूची! गाण्यात मिश्कीलपणा आहे याचा मला तरी हा सर्वात पक्का पुरावा वाटतो. गाडीतून जाताना मस्कोगीची पाटी दिसली आणि थट्टेत पहिली ओळ सुचली, असं हॅगर्ड आणि सहलेखक रॉय बरिस सांगत. पुढे हॅगर्डने असंही सांगितलं की मनात वडील होते. ते वारले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. मला दोन्ही खरं वाटतं.

प्रश्नकर्ती : मग भाषांतरात 'मस्कोगीचा रहिवासी' चालणार नाही. आणि गाण्यातलं 'स्क्वेअर'?

प्रतिसाद : नाहीच चालणार, 'ओकी' तसाच ठेवा आणि खाली टीप द्या. 'स्क्वेअर' म्हणजे नव्या चालीरीतींपासून लांब राहणारा, त्या काळच्या हिप्पी तरुणांच्या लेखी बुरसटलेला. 'जुन्या वळणाचा' म्हटलंत तर अर्थ येईल, पण टोमणा निसटेल. मी 'बावळट सरळमार्गी' घेईन.