चॉकलेटच्या कागदांचं काय करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, लेकाच्या वाढदिवसापासून घरातले गोळ्या-चॉकलेटचे कागद साठवतेय. लोणच्याची मोठी बरणी गच्च भरली. भंगारवाल्या काकांनी मूठभर घेऊन चुरगळले, मूठ उघडली तर सगळे पुन्हा फुलून वर! "हे नाही चालत ताई," म्हणाले. खरंच आहे, प्लास्टिकवर ॲल्युमिनियमचा थर, वेगळा कोण करणार? निव्वळ ॲल्युमिनियमची चांदी (फॉइल) चुरगळली की तशीच राहते, तिचा मी वेगळा गोळा करतेय.

मग इकोब्रिक (बाटलीत प्लास्टिक ठासून केलेली वीट) करायला घेतली. लिटरच्या बाटलीत किमान ३३० ग्रॅम प्लास्टिक बसायला हवं म्हणे. लाटण्याच्या टोकाने ठासतेय (सासूबाई बघतायत!), तरी काटा १४० वर अडलाय. ठासायला तुम्ही काय वापरता? कॅरमेलचा चिकटपणा धुवायचा की पुसून चालतं? मुंग्या लागल्यात.

आणि भरलेल्या बाटल्या पुण्यात कोणी घेतं का? पिशव्यांपासून हातमागावर कापड विणतात तसं या चिटुकल्या कागदांचं होत असेल, असं वाटत नाही. पताका, कंदील सोडून काही केलं असेल तर फोटो टाका. पताका दोनदा करून झाल्यात.